दुकानदार गप्प झाला, तर आधी आपली यादी वाचा

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्यातले चौघे मित्र नोकरी सांभाळून इलेक्ट्रॉनिक्सचा नाद करतो. टाकीतल्या पाण्याची पातळी पाहून पंप आपोआप चालू-बंद करणारी पेटी आम्ही बनवली आहे. त्यातला बोर्ड ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. शेजारपाजार आणि दोन-तीन बागायतदार मिळून २५ पेट्यांची मागणी आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाला व्हॉट्सअ‍ॅपवर "५ पिन रिले, १० अँपिअर, ३० नग" अशी ऑर्डर दिली. आले ते सगळे १२ व्होल्टचे. आम्हाला ५ व्होल्टचे हवे होते. दुकानदार परत घेईना. रागाच्या भरात आम्ही गूगलवर त्याला एक तारा दिला, आणि तेव्हापासून तो मेसेज बघतो पण उत्तर देत नाही. छोट्या गिऱ्हाइकाला ही मंडळी विचारतच नाहीत का? की सरळ चीनहून माल मागवावा? पेट्या पावसाआधी द्यायच्या आहेत.
– एक वाचक, वेंगुर्ले

नमस्कार मंडळी,

तुमच्या ऑर्डरची ओळ सावकाश पुन्हा वाचा. पिना सांगितल्यात, अँपिअर सांगितलेत, नग सांगितलेत. रिले म्हणजे विजेनं चालणारा स्विच, आणि त्याला ओढणारी आतली तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल. ती कॉइल किती व्होल्टची ते राहिलं. बाजारात ज्याला शुगर क्यूब म्हणतात तो निळा रिले ५, ६, ९, १२ आणि २४ व्होल्टच्या कॉइलमध्ये मिळतो. आकार तोच, रंग तोच, पिना सगळ्यांना पाचच. काउंटरवर नुसता 'रिले' म्हटलं की बहुधा १२ व्होल्टचाच हातात पडतो, कारण स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे त्याचाच खप असतो. दुकानदारानं एकदा विचारायला हवं होतं, हे खरं. पण तुमच्या ओळीतला '५' त्याला पिनांचा वाटला, आणि तुम्ही तो पिनांचाच लिहिला होता.

माल परत न घेण्यामागेही कारण असतं. सुटा मोजून दिलेला रिले परत आला, तर तो मध्ये कुणी वापरला की नाही हे त्याला कळायला मार्ग नसतो. पिनांना लागलेलं सोल्डर पुसून परत आलेला नग पुढच्या दुरुस्तीवाल्याच्या हाती गेला, तर नाव दुकानाचं जातं. म्हणून सुट्या मालाला बहुतेक ठिकाणी परतावा नसतो. तो नसणारच असं धरून ऑर्डर द्यावी.

पहिलं काम आजच करा. तो एक तारा काढून टाका आणि असा मेसेज पाठवा: "नमस्कार. वेंगुर्ल्याची ३० रिलेंची ऑर्डर आमची होती. कॉइलचा व्होल्टेज लिहायचा आमच्याकडून राहिला. गूगलवरचा रिव्ह्यू काढला आहे. आलेले रिले आम्ही वापरतोय, परत करायचे नाहीत. पुढची यादी सविस्तर लिहून पाठवतो." एवढंच. त्यात सवलत मागू नका, "तुमचीही चूक होतीच" असंही जोडू नका. उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालेल. पुढची यादी नीट गेली की गाडी रुळावर येते.

आणि रिले खरोखरच वापरा, ते वाया गेलेले नाहीत. ५ व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारण ७० ओहम असतो, म्हणजे ती ७१ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. १२ व्होल्टची कॉइल साधारण ४०० ओहमची असते, ती ३० मिलिअँपिअरच ओढते. तुम्ही रिले चालवायला (ड्रायव्हर म्हणून) बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर वापरत असाल, तर त्याची कमाल मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. म्हणजे १२ व्होल्टचा रिले त्याला जास्त सोसतो. पिनांची जागाही तीच, त्यामुळे छापून घेतलेले बोर्ड टाकावे लागणार नाहीत. फक्त कॉइलकडे जाणारी ५ व्होल्टची पट्टी कापा आणि तिथे वायरनं १२ व्होल्ट द्या. कॉइलवरचा १एन४००७ डायोड जिथे आहे तिथेच राहील, त्याचा पट्टा आता १२ व्होल्टच्या बाजूला आहे ना एवढं पाहा. अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा घ्या, आणि बोर्डासाठी व्होल्टेज उतरवणारं एक छोटं बक मॉड्यूल लावून ५ व्होल्ट काढा. मॉड्यूलचा स्क्रू आधी मल्टिमीटरवर पाहत ५ व्होल्टवर आणा आणि मगच बोर्ड जोडा. पाकिटातून बाहेर काढलेलं मॉड्यूल किती व्होल्ट देईल याचा भरवसा नसतो, आणि बोर्ड जळतो तो इथेच.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती पेटी लोकांच्या घरात बसणार आहे. रिलेवर छापलेले १० अँपिअर हिटर-बल्बसारख्या साध्या लोडसाठी असतात. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर ओढते, आणि संपर्क चिकटतात. मग टाकी भरली तरी पंप चालूच राहतो. रिलेनं काँटॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट स्विचची, कॉइल चालवावी आणि काँटॅक्टरनं पंप. काँटॅक्टर तुमच्याच गावातल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळेल, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. छोटं गिऱ्हाईक नको असतं का? अमेरिकेतली डिजि-की ही आज इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या जगातल्या मोठ्या वितरकांपैकी एक आहे. १९७२ साली रोनाल्ड स्टोर्डाल यांनी ती उभी केली ती हॅम रेडिओच्या, म्हणजे स्वतःचं बिनतारी केंद्र चालवणाऱ्या, हौशी मंडळींना एक किट विकता विकता, आणि कंपनीचं नावही त्या किटवरूनच आलं. हौशी माणसाचा माल कमी असतो, पण तो दर दोन महिन्यांनी परत येतो आणि चार जणांना दुकान सांगतो. दुकानदाराला लहान ऑर्डरचा त्रास होत नाही, अर्धवट ऑर्डरचा होतो. चारशे रुपयांच्या मालासाठी सात वेळा "हे चालेल का, ते चालेल का" विचारावं लागलं, तर त्या ऑर्डरीत त्याला काही उरत नाही. तीच ऑर्डर एका मेसेजमध्ये पूर्ण आली, तर पोऱ्या दहा मिनिटांत माल काढून मोकळा होतो. तुमची ऑर्डर त्याचा किती वेळ खाते यावरच नातं ठरतं.

तेव्हा यादी लिहायला शिका. प्रत्येक ओळीत वस्तूचं नाव, कंपनीनं दिलेला पूर्ण नंबर, पॅकेज (म्हणजे भागाचा बाहेरचा आकार आणि पायांची रचना), महत्त्वाचं मूल्य, नग आणि बदली चालेल की नाही, हे सगळं यायला हवं. तुमची ती ओळ अशी असायला हवी होती: "रिले, शुगर क्यूब, कॉइल ५ व्होल्ट डीसी, संपर्क १० अँपिअर, ५ पिन, एसआरडी-०५व्हीडीसी-एसएल-सी, ३० नग. दुसऱ्या कंपनीचा चालेल, कॉइल ५ व्होल्टचीच हवी." नंबर मात्र मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत, जसा रिलेच्या पाठीवर छापलेला असतो तसाच टाका, म्हणजे शोधाशोध होत नाही. सोबत पाठीचा फोटो जोडलात तर फारच उत्तम.

पॅकेज सांगायचं विसरणं ही कॉइलच्या खालोखाल मोठी चूक. नंबरातलं शेवटचं एक अक्षर सगळं बदलतं. ५५५ या टायमर आयसीचंच बघा: एनई५५५पी म्हणजे लांब पायांचा, सॉकेटमध्ये बसणारा. एनई५५५डी म्हणजे बोर्डावर चिकटवायचा चिमुकला एसएमडी. नुसतं '५५५' लिहून पन्नास नग मागवलेत आणि एसएमडी आले, तर तो माल परत जाणार नाही.

बदलीच्या मालाबाबतही आधीच लिहा. "बीसी५४७ नसेल तर २एन२२२२ देऊ का?" असं दुकानदार चांगल्या मनानं विचारतो, आणि कामापुरतं तो ट्रान्झिस्टर चालतोही. पण पाय वेगळे. सपाट बाजू आपल्याकडे करून डावीकडून बघितलं, तर बीसी५४७ चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. प्लास्टिकच्या पीएन२२२२ए मध्ये ते एमिटर, बेस, कलेक्टर असे उलटे. छापलेल्या बोर्डात तो तसाच बसवलात तर रिले नीट ओढणार नाही, आणि तुम्ही माल खराब म्हणून तक्रार कराल. म्हणून लिहा: "बीसी५४७ए, बी किंवा सी काहीही चालेल, बीसी५४८ चालेल, इतर नको." चालेल आणि नको, हे दोन्ही शब्द यादीत असले की समोरचा माणूस निर्धास्तपणे माल काढतो.

तुमच्या २५ पेट्यांसाठी पुढची यादी साधारण अशी होईल, तशीच पाठवली तरी हरकत नाही:

"नमस्कार. वेंगुर्ल्याहून. खालील मालाचा भाव कळवा.
अडॅप्टर, १२ व्होल्ट १ अँपिअर, गोल पिन, २७ नग.
बक मॉड्यूल, एमपी१५८४, स्क्रूवालं, २८ नग. सगळी एकाच लॉटची.
बीसी५४७बी, १०० नग.
१एन४००७, १०० नग.
रेझिस्टर १ किलोओहम, पाव वॅट, १०० चं एक पाकीट.
इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशाचा, पाय ५ मिमी अंतरावर, ३० नग. ८५ अंशाचा नको.
स्क्रू टर्मिनल, ३ पिन, अंतर ५.०८ मिमी, ५५ नग.
जे नसेल ते वगळून बाकीचं सांगा, थांबायची गरज नाही. माल १५ तारखेपर्यंत निघाला तरी चालेल. पक्कं बिल हवं. पार्सल ट्रॅव्हल्सनं. भाव आला की त्याच दिवशी यूपीआयनं पैसे."

यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. रेझिस्टर, डायोड, ट्रान्झिस्टर शंभराच्या हिशेबात मागितलेत. २५ लागतात म्हणून २५ मोजून मागू नका. मोजायचा वेळ मालाच्या किमतीपेक्षा महाग पडतो, आणि उरलेले ७५ तुम्हालाच पुढे उपयोगी येतात. महाग वस्तू मात्र गरजेपेक्षा दोन-तीनच जास्त. दुसरं म्हणजे, "जे नसेल ते वगळून" हे वाक्य. एका टर्मिनलसाठी सगळी ऑर्डर अडून राहिली की ती खालच्या फळीवर जाते आणि विसरली जाते.

भावाबद्दल मोकळेपणानं बोला. १० चा, ५० चा आणि १०० चा भाव काय, असं विचारायला काहीच हरकत नाही, कारण तो बाजाराचा नेमच आहे. सांगितलेल्या भावात आणखी दोन रुपये कमी करा म्हणून घासाघीस करू नका, आणि ऑनलाइन साइटचा स्क्रीनशॉट तर मुळीच पाठवू नका. "पुढच्या वेळी हजार नग घेऊ" हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलंय. त्याऐवजी खरं तेवढं सांगा: "या महिन्यात २५, दिवाळीनंतर बहुधा आणखी २०." अशा खऱ्या आकड्यावर दुकानदार तुमच्यासाठी माल बाजूला काढून ठेवतो. भाव घेऊन माल नको असेल, तर "या वेळी जमत नाही" असं एका ओळीत कळवा. पाच दुकानांचे भाव घ्यायचे आणि चौघांना काहीच सांगायचं नाही, हे बाजारात फार लवकर पसरतं.

बिल नेहमी पक्कं घ्या. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवर बहुधा १८ टक्के जीएसटी असतो. तो वाचवायला कच्च्या बिलावर माल घेतलात, तर पुढे तक्रार करायला हातात काही राहत नाही, आणि दुकानदारालाही तुम्ही अडचणीत टाकता.

वेळेचं भान ठेवा. लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, आणि तुम्ही नोकरदार माणसं नेमकी रविवारीच मोकळी. मेसेज रविवारी लिहा, पण उत्तराची वाट सोमवार दुपारपर्यंत पाहा. दुकान उघडताना आणि संध्याकाळी पार्सलं बांधायच्या गडबडीत फोन करू नका. मार्चअखेरीला हिशेब आणि मालाची मोजदाद चालू असते. गणपतीच्या आधीचे तीन आठवडे एलईडीच्या माळा आणि पट्ट्यांचेच, आणि त्याच दिवसांत चाकरमान्यांनी भरलेल्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत पार्सलाला जागा नसते. तुमच्या पेट्या पावसाआधी द्यायच्या असतील, तर माल मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घरात हवा. जूनमध्ये घाटात दरड आली की कुरिअर किती दिवस अडेल ते कुणीच सांगू शकत नाही, आणि दुकानदाराला त्याबद्दल बोलून उपयोग नाही.

मुंबईचा मामा किंवा भाचा "मी जाऊन घेतो" म्हणाला, तर त्याला यादी छापून द्या आणि दुकानदाराला आधी कळवा. तिथे काउंटरवर उभं राहून त्यानं तुम्हाला फोन लावायचा, आणि तुम्ही तिकडून सर्किट समजावायचं, असं करू नका. मागे दुरुस्तीवाल्यांची रांग असते.

गावातलं दुकान विसरू नका. कुडाळ, सावंतवाडी, कणकवलीत टीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत सुटे भाग असतात. ही माणसं मुंबई, कोल्हापूर किंवा बेळगावहून माल आणतात, त्यामुळे तिथे भाव थोडा जास्त असणार. तो द्या. संध्याकाळी सात वाजता एक फ्यूज किंवा एक डायोड कमी पडला, तर लॅमिंग्टन रोड उपयोगाचा नाही. महिन्याची फुटकळ खरेदी ठरवून त्यांच्याकडेच करा: सोल्डर वायर, फ्लक्स, हीट श्रिंक, फ्यूज, वायर. त्यांची पुढची ऑर्डर मुंबईला जाते कधी ते विचारून ठेवा, आणि तुमचे दोन आयटम तीतच घालायला सांगा. वाहतुकीचा खर्च वाटला जातो. जिल्ह्यातल्या पॉलिटेक्निकच्या आणि आयटीआयच्या मुलांची प्रोजेक्टची खरेदी जानेवारी ते मार्चमध्ये असते, त्यांच्याबरोबर ऑर्डर एकत्र केलीत तर शंभराचा भाव सहज मिळतो. एकत्र ऑर्डरला नियम एकच: पैसे आधी गोळा करायचे, आणि दुकानदाराशी बोलणारा माणूस एकच असायचा. चौघांचे चार मेसेज एकाच ऑर्डरबद्दल गेले की गोंधळ ठरलेला.

पार्सल आलं की त्याच आठवड्यात तपासा. ही सवय नसल्यामुळे जेवढी नाती बिघडतात, तेवढी भावामुळे बिघडत नाहीत. उघडतानाच एक फोटो घ्या, त्यात लेबल आणि बिल दोन्ही दिसू द्या. मग मोजा. नग जास्त आले असतील तर तेही कळवा, आणि पैसे द्या. त्यानंतर सोल्डरिंगच्या आधी मोजमाप: रिलेच्या कॉइलचा रोध, अडॅप्टरचा व्होल्टेज अर्धा अँपिअर लोड लावून, बक मॉड्यूल ५ व्होल्टवर ठेवून दहा मिनिटं. २८ मॉड्यूल तपासायला एक संध्याकाळ पुरते. सोल्डर लागल्यावर तक्रार करू नका.

तक्रार करताना आकडे द्या. "तुमचा माल खराब आहे" याला उत्तर नसतं. याला असतं: "१२ तारखेच्या बिलातली बक मॉड्यूल २८ पैकी २८ तपासली. १२ व्होल्ट इनपुट, लोड ५०० मिलिअँपिअर. ४ नगांचा आउटपुट लोड लावताच ५ वरून ३.८ वर येतो. बाकी २४ ठीक. चारही सोल्डर न केलेली, पाकिटात आहेत. फोटो सोबत. बदलून मिळतील का, की पुढच्या ऑर्डरीत वळते कराल?" दुकानदाराला यातून एक आयती गोष्ट मिळते. त्याच्या लॉटमध्ये खोट आहे हे त्याला वरच्या व्यापाऱ्याला पुराव्यानिशी सांगता येतं. असं गिऱ्हाईक त्याला हवंच असतं.

पण तक्रारीआधी आपली जोडणी तपासा, विशेषतः सेन्सरच्या बाबतीत. तुमच्या पेटीत जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यात न बिघडणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल, तर त्याला समोरच्या २० ते २५ सेंटिमीटरमधलं दिसत नाही. टाकीच्या झाकणालाच तो बसवला आणि पाणी वरपर्यंत आलं, की तो काहीही आकडे देतो. "टाकी रिकामी असताना चांगला चालतो, भरली की बिघडतो" अशी तक्रार आली, तर खोट सेन्सरची नसते. त्याला झाकणावर पाइपचा तुकडा लावून वर उचला. ५ व्होल्टवर चालवलेल्या या सेन्सरचा सिग्नल ३.३ व्होल्टच्या बोर्डात थेट घातलात तर बोर्डाची पिन धोक्यात येते, तिथे दोन रेझिस्टरचा विभाजक हवा. अशा चुकीवर माल बदलून मागितलात आणि नंतर ती तुमचीच निघाली, तर दुकानदाराला मोकळेपणानं सांगा. त्यानं तुमची पुढची तक्रार लगेच खरी धरली जाते.

आपल्या हवेचा दोष दुकानावर ढकलू नका. समुद्राकाठी पावसाळ्यात उघड्या डब्यात ठेवलेल्या हेडरच्या आणि ट्रान्झिस्टरच्या पिना तीन महिन्यांत काळवंडतात, मग सोल्डर धरत नाही. माल आल्या आल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घाला, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरा. एसएमडी आयसी व्हॅक्यूम पाकिटातले मागवलेत तर पाकीट काम सुरू करतानाच फोडा. त्यावर ओलाव्याची पातळी ३ लिहिली असेल, तर फोडल्यापासून १६८ तास मिळतात, तेही ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच. आपल्याकडे जुलैत आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते, म्हणून तो वेळ आणखी कमी धरा. ओलावा शिरलेला आयसी रिफ्लोच्या, म्हणजे बोर्ड तापवून सोल्डर वितळवण्याच्या, उष्णतेनं आतून तडकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दुकानदाराला एवढीच विनंती करा की पार्सल दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधा. कुणीही नाही म्हणत नाही.

नकली मालाबद्दल बोलताना शब्द जपून वापरा. "डुप्लिकेट देताय का?" असं विचारलंत तर बोलणं तिथेच संपतं. "हा ओरिजिनल कंपनीचा आहे की चायना? दोन्हींचा भाव सांगा," असं विचारा. चांगला दुकानदार खरं सांगतो, आणि बहुतेक हौशी कामाला चायना माल पुरतोही. कुठे पुरत नाही ते तुम्हाला माहीत हवं. बक मॉड्यूलवरच्या एलएम२५९६ या आयसीचं उदाहरण घ्या. खरी आयसी १५० किलोहर्ट्झवर चालते. नकलींपैकी कित्येक ५० च्या आसपास चालतात, त्यामुळे मॉड्यूलवरची कॉइल आणि कपॅसिटर तापतात आणि आउटपुटमध्ये खळखळ वाढते. २०० मिलिअँपिअरच्या कामाला ती चालून जाते, २ अँपिअरला नाही. पण २३० व्होल्टच्या बाजूचं काहीही, म्हणजे फ्यूज, एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग), एक्स२ कपॅसिटर (मेन्सच्या बाजूला लावायचा), ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा), हे अधिकृत वितरकाकडूनच घ्या. एलिमेंट१४, माउसर, डिजि-की यांच्याकडे थोडे नगही मिळतात. तिथे वाहतुकीचा खर्च वाचवायला वर्षाची गरज एकदाच मागवा. तुमच्या दुकानदाराला हे लपवायचं कारण नाही.

चीनहून थेट मागवायचा विचार २५ पेट्यांसाठी तरी सोडा. कुरिअर केवायसीची कागदपत्रं मागतं, मालावर सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो, आणि तुम्ही पेट्या विकणार असल्यामुळे ती वैयक्तिक वापराची आयात राहत नाही. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढावा लागतो. वायरलेस मॉड्यूल असेल तर परवानगीचा आणखी एक प्रश्न उभा राहतो. आणि ३० पैकी ३० रिले चुकीचे आले, तर तिकडे फोन लावायला कुणी नाही. पुढे बागांसाठी लांब पल्ल्याचं लोरा हे रेडिओ मॉड्यूल लावायचं मनात असेल, तर तेही इथल्याच विक्रेत्याकडून घ्या आणि यादीत वारंवारता न विसरता लिहा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापराला खुला आहे, ९१५ चं अमेरिकी मॉड्यूल नको. ४३३, ८६८ आणि ९१५ ची मॉड्यूल दिसायला बऱ्याचदा एकसारखीच असतात, आणि तुम्ही नुसतं "लोरा, ४ नग" लिहिलंत तर दुकानदार पुन्हा हाताला लागेल तेच पाठवेल.